नावं हरवलेली विमानं

जुन्या फोटोत माणसं कॅमेऱ्याकडे बघत असतात. कोट, टोपी, हातात काठी, खिशातून लोंबणारी घड्याळाची साखळी, सगळं जागच्या जागी. त्यांच्या मागे एक विमान उभं असतं. पंखाचं टोक चौकटीबाहेर गेलेलं, चाकांखाली वाळकं गवत, शेपटीपाशी कुणीतरी अनोळखी पोरगा. घरातली वडीलधारी माणसं एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नातं सांगतात. हे थोरले काका, हे त्यांचे साडू, कडेला उभे आहेत ते मामलेदार. मग बोट मागे सरकतं. "आणि हे विमान." तिथं माहिती संपते.

मला त्या विमानाचं नाव हवं असतं, आणि ते नुसत्या हौसेपोटी नव्हे. १९१० ते १९५० या काळात विमानं इतक्या झपाट्यानं बदलली, की एखाद्या जातीचं आयुष्य चार-पाच वर्षांचं, एखादीचा तर जन्मभरात एकच नमुना. त्यामुळे विमान ओळखलं की फोटोला अलीकडची आणि पलीकडची तारीख मिळते, बहुतेक वेळा गाव मिळतं, आणि कधीकधी त्या माणसाच्या आयुष्यातली अशी एखादी गोष्ट हाती लागते, जी त्याच्या घरातही कुणाला ठाऊक नसते. चेहऱ्यावरून हे साधत नाही. माणसाचा चेहरा दहा-पंधरा वर्षं तसाच राहू शकतो. जे विमान १९३१ साली जन्मलं, ते १९२९च्या फोटोत उभं राहू शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हजारो स्वयंसेवक माळावर आणि गच्च्यांवर बसून आकाश राखत होते. विमान ओळखायची एक ठरलेली वाट त्या काळात शिकवली जाई: आधी पंख, मग इंजिन, मग धड, शेवटी शेपूट. १९४१ ते १९४८ या काळात 'एरोप्लेन स्पॉटर' नावाचं एक पत्रही निघत असे, त्यात विमानांच्या काळ्या छायाकृती असत. त्या माणसांच्या हाताशी काही सेकंद असायचे. माझ्यापुढचं विमान ऐंशी-नव्वद वर्षं एकाच जागी उभं आहे, तरी मीही त्याच वाटेनं जातो. पंखांची जोडी एक की दोन? दोन असतील तर मधले खांब किती? सिलिंडर एका रांगेत आहेत की गोलाकार मांडलेले? शेपटीचा वरचा भाग टोकदार की वाटोळा? नेहमीची विमानं एवढ्यात सापडतात. आडवाटेचं विमान यातून निसटतं. त्याला धरायचं तर सगळं जुळत असताना न जुळणारी एक गोष्ट शोधायची आणि तिच्यापाशी थांबायचं. या कामातलं सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत मोलाचं तेच आहे, कारण मनाची ओढ जुळणाऱ्या गोष्टींकडे असते. चार खुणा पटल्या की पाचवीकडे बघायला ते तयार नसतं.

आपल्याकडच्या आठवणीत दोन पंखांचं प्रत्येक विमान टायगर मॉथ असतं. ते स्वाभाविक आहे. फ्लाइंग क्लबांत आणि हवाई दलाच्या शाळांत कित्येक पिढ्या त्याच विमानावर शिकल्या. पण जुहूचं विमानतळ १९२८चं, बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच सालचा, आणि टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं १९३१च्या ऑक्टोबरात. त्याआधीच्या फोटोतलं विमान बहुधा जिप्सी मॉथ निघतं. त्याच्या नाकावर सिलिंडरांची डोकी वर आलेली दिसतात आणि पंख सरळ असतात. टायगरचं इंजिन उलटं टांगलेलं, म्हणून नाक पुढे उतरत जातं, आणि पंख मागे झुकलेले. हा झुकाव शोभेसाठी दिलेला नाही. पुढच्या सीटवरचा माणूस वरच्या पंखाच्या बरोबर खाली बसायचा, पॅराशूट बांधून त्याला बाहेर पडता येईना. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला, त्यानं तोल बिघडला, तो सावरायला पंख मागे झुकवले. आता १९३४चं मॉथ मेजर घ्या. इंजिन टायगरसारखं उलटं, पंख मात्र जिप्सीसारखे सरळ. नाक बघणारा त्याला टायगर म्हणतो, पंख बघणारा जिप्सी म्हणतो. दोन्ही बघणाऱ्यालाच त्याचं खरं नाव कळतं.

विमानाच्या अंगावरच्या प्रत्येक विचित्र रेषेमागे असं कारण असतं, हे एकदा कळलं की फोटो बघायची नजरच बदलते. महायुद्धात आपल्या हवाई दलाच्या सात आणि आठ नंबरच्या स्क्वाड्रननी ब्रह्मदेशाच्या मोहिमेत व्हल्टी व्हेंजन्स नावाची डाइव्ह बॉम्बर वापरली. वरून पाहिलं तर तिचा पंख धडापासून मागे जातो आणि मग पुढची कड सरळ होते. असा मोडलेला पंख दुसऱ्या विमानाला क्वचितच असेल. आराखड्यात गुरुत्वमध्याचा हिशेब चुकला होता, आणि अख्खा पंख नव्यानं बांधण्याऐवजी बाहेरचा भाग मागे सरकवून तो चुकता केला गेला. एका टेबलावरची ती चूक आजही धूसर फोटोत लांबून ओळखू येते.

एकदा जुहूचा एक फोटो माझ्याकडे आला. पाठीवर गावाचं नाव लिहिलेलं, साल नाही. विमान जिप्सी मॉथ, त्यात शंका नव्हती. पुढे धोतर आणि लांब कोट घातलेले एक मध्यमवयीन गृहस्थ एकटेच उभे, टोपी हातात. फोटो घेऊन आलेल्या आजी त्यांची धाकटी लेक. मी इंजिनाबद्दल, पंखांबद्दल सांगत होतो, त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "विमान कुठलं का असेना बाळ, आमचे दादा त्यात बसले होते का, तेवढं सांगशील? आई म्हणायची, बसले होते. दादा त्यावर कधी बोललेच नाहीत." मी भिंग विमानावरून दादांच्या चेहऱ्यावर नेलं. केस कपाळापाशी चप्प बसलेले. कपाळावर एक आडवा वळ. डोळ्यांभोवती दोन फिकट वर्तुळं, भोवतालच्या त्वचेपेक्षा स्वच्छ. कोटाची कॉलर उभी. उघड्या कॉकपिटमध्ये कातडी टोपी आणि गॉगल घट्ट बांधून बसलेल्या, धूळवारा खाऊन नुकत्याच उतरलेल्या माणसाच्या या खुणा आहेत. मी आजींच्या हाती भिंग दिलं आणि कुठं बघायचं ते दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "म्हणजे आई खरं सांगत होती," एवढंच म्हणाल्या.

विमान बंद केबिनचं असतं, समजा पस मॉथ असतं, तर या खुणा उमटल्याच नसत्या. पस मॉथचं नाव निघालं म्हणून त्याच्याबद्दलही सांगतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथमधून. मद्रासचा पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी पार केला. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा एकट्यानं केला. तेव्हाचं विमान मात्र लेपर्ड मॉथ होतं. दोन्ही डी हॅविलँडचीच, दोन्ही एकपंखी, दोन्हींची केबिन बंद, आणि म्हणून एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावानं छापलेला मी पाहिला आहे. फरक बघायचा तर चाकांच्या वर बघावं. पस मॉथच्या चाकाचा मुख्य दांडा थेट पंखाच्या मुळाशी जातो. लेपर्डचा दांडा पुढे, इंजिनामागच्या भिंतीकडे जातो. पस मॉथच्या पंखाची रुंदी शेवटपर्यंत जवळजवळ सारखी, लेपर्डचा पंख टोकाकडे निमुळता. लेपर्ड १९३३ साली आलं. म्हणजे ज्या फोटोत निमुळता पंख दिसतो, तो फोटो त्या पहिल्या टपालाच्या दिवसाचा असूच शकत नाही, खाली छापलेल्या ओळीत काहीही म्हटलेलं असो. देशातल्या पहिल्या वैमानिक परवान्याचा मानकरी आणि त्याचं ते ऐतिहासिक उड्डाण, त्यांच्या फोटोखाली तरी विमानाचं नाव बरोबर असावं असं मला मनापासून वाटतं.

रंगांच्या बाबतीत तर जुना फोटो सरळ फसवतो. त्या काळात पुष्कळ ठिकाणी ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म वापरत. त्यांना निळा रंग चटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे ब्रिटिश विमानावरच्या गोल निशाणीतला तांबडा ठिपका फोटोत काळाभोर येतो आणि बाहेरचं गडद निळं कडं फिकट राखाडी. पिवळं रंगवलेलं शिकाऊ विमान काळसर दिसतं. फोटोत विमान काळं दिसतं म्हणून ते काळं होतं, असं गृहीत धरून निघालं की शोध पहिल्याच पावलाला चुकतो. याच निशाणीवरून काळही कळतो. १९४२नंतर पूर्वेकडच्या आघाडीवर ब्रिटिश आणि आपल्या विमानांवरून तांबडा रंग काढून टाकला, कारण जपानी विमानांवर तांबडा गोळा असे आणि आपलीच माणसं आपल्याच विमानांवर गोळ्या झाडण्याची भीती होती. स्वातंत्र्यानंतर काही काळ चक्राची निशाणी होती. आजची केशरी-पांढरी-हिरवी निशाणी २६ जानेवारी १९५० पासूनची. मोहरीएवढ्या वर्तुळाच्या आत एवढा इतिहास बसलेला असतो.

कधी निगेटिव्हच उलटी लावून छापलेली असते. विमानावर अक्षरं असतील तर ते लगेच कळतं, नसतील तर माणसांकडे वळावं लागतं. पुरुषाच्या शर्टाची बटणपट्टी कुठल्या बाजूला आहे? फोटोत नऊवारीतली कुणी बाई असेल तर काम सोपं. तिचा पदर डाव्या खांद्यावरच हवा. तो उजव्या खांद्यावर दिसला तर आख्खा फोटो आरशात बघावा लागतो, आणि मग इतका वेळ कुठंच न सापडणारं विमान ओळखीचं होऊन जातं.

विमानाच्या अंगावरची अक्षरं दिसली तर निम्मं काम झालं. हिंदुस्थानातल्या नागरी विमानांची अक्षरं १९२९च्या सुमारापासून व्हीटीनं सुरू होतात, त्याआधी जी-आयनं. नोंदणीची जुनी रजिस्टरं अभ्यासकांनी जपून, तपासून छापली आहेत. पाच अक्षरं मिळाली की मालक, क्लब, अपघात, मोडीत निघाल्याचं साल, सगळं उलगडत जातं. पण फोटोग्राफरचं लक्ष साहेबांवर असतं, आणि साहेब नेमके अक्षरांपुढे उभे राहतात.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटननं उरलेली विमानं साम्राज्यातल्या देशांना भेट दिली. त्यातली शंभर हिंदुस्थानच्या वाट्याला आली. काही संस्थानिकांकडे गेली आणि तिथंच राहिली. बिकानेरच्या राजवाड्यातल्या जुन्या पीलखान्यात डीएच-९ जातीच्या विमानांचे सांगाडे कित्येक दशकं पडून होते. एकविसाव्या शतकाच्या तोंडावर ते ओळखले गेले, विकत घेऊन इंग्लंडला नेले गेले. त्यातलं एक आता डक्सफर्डच्या संग्रहालयात उभं आहे, दुसरं २०१९ साली पुन्हा आकाशात गेलं. हत्तींच्या ठाण्यात पडलेल्या त्या लाकडांना ओळखणारा डोळा तिथं पोचला नसता, तर एखाद्या हिवाळ्यात ती शेकोटीत गेली असती. डीएच-९ ओळखायचं कसं? त्याच्याआधीच्या डीएच-४मध्ये वैमानिक आणि मागचा बंदूकवाला एकमेकांपासून लांब बसत आणि मध्ये पेट्रोलची टाकी असे. पुढच्या डीएच-९एचं नाक म्हणजे मोठा चौकोनी रेडिएटर. या दोघांच्या मधलं डीएच-९: दोन्ही माणसं जवळजवळ पाठीला पाठ लावून, नाक निमुळतं, आणि वर सिलिंडरांची उघडी रांग. यात आणखी एक गुंता आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी चार वेस्टलँड वापिटींवर उभी राहिली. ही वापिटी बनवताना पैसे वाचावेत म्हणून तिला डीएच-९एचेच पंख लावायचे ठरले होते. नुसता पंख दिसणाऱ्या फोटोपुढे म्हणूनच हात जोडावेत. त्यावरून निवाडा देऊ नये.

आता त्या फोटोबद्दल सांगतो, ज्यानं मला सगळ्यांत जास्त दिलं.

कोल्हापूरकडच्या एका घरातला फोटो. विमानापुढे अर्धवर्तुळात बसलेले वीस-पंचवीस तरुण कामगार, खाकी अर्ध्या चड्ड्या, काहींच्या डोक्याला रुमाल. मधोमध दोन गोरे साहेब, टाय लावलेले. त्या तरुणांतला एक त्या घरातल्या मंडळींचा चुलत आजा, फिटर. पाठीवर शाईनं, नंतरच्या कुणाच्या तरी अक्षरात: हार्वर्ड विमान, बंगलोर. पहिल्या नजरेला कुणालाही हार्वर्डच वाटलं असतं. खालच्या बाजूला पंख, धातूचं चकचकीत धड, गोलाकार इंजिन, एकामागे एक दोन माणसं बसतील अशी लांब काचेची छत्री. चारही खुणा जुळत होत्या. न जुळणारी गोष्ट साधी होती: विमान लहान होतं. इंजिनाच्या शेजारी उभा असलेला माणूस नाकाच्या मानानं फार मोठा दिसत होता.

फोटो जवळजवळ समोरून घेतलेला. इंजिनाच्या आवरणाच्या आत सिलिंडर दिसत होते, पण सगळे नाही. पंख्याच्या पात्यानं आणि एका माणसाच्या डोक्यानं निम्मे झाकले होते. सिलिंडर मोजता येत नसले तरी दोन शेजारच्या सिलिंडरांमधला कोन मोजता येतो. हार्वर्डच्या वास्प इंजिनाला नऊ सिलिंडर, म्हणजे दोघांत चाळीस अंश. मी शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, फोटो मोठा करून छापला आणि दिसणाऱ्या प्रत्येक जोडीवर तो ठेवून पाहिला. प्रत्येक वेळी माप पन्नासच्या पुढे जात होतं. तीनशे साठला सातानं भागलं की एक्कावन्न अंश आणि वर थोडं. सात सिलिंडरांचं लहान इंजिन, बंगलोर, धातूचं धड, मागेपुढे दोन जागा. एवढ्या अटीत बसणारं एकच विमान होतं: हार्लो पीसी-५.

हे नाव विमानांच्या नादात आयुष्य गेलेल्या पुष्कळांनीही ऐकलेलं नसतं. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना ज्युनिअर कॉलेजात मॅक्स हार्लो शिकवत असत. त्यांच्या वर्गातल्या मुलांनी अभ्यासाचा भाग म्हणून एक अख्खं विमान बांधलं, ते १९३७ साली उडालं. त्याच घराण्यातलं पुढचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान म्हणजे पीसी-५. अमेरिकेत त्याला गिऱ्हाईक असं मिळालंच नाही. मिळालं ते बंगलोरला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची अमेरिकेच्या प्रवासात विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली होती. पॉली चीनसाठी विमानांचा कारखाना चालवत. त्या भेटीतून, म्हैसूर संस्थानाच्या पाठबळानं, डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. आणि ऑगस्ट १९४१ मध्ये या देशातल्या कारखान्यात जुळवलेलं पहिलं विमान उडालं, ते हेच हार्लो. भाग अमेरिकेतून आलेले, हात इथले. वालचंदांच्या हातून कारखाना लवकरच गेला. सरकारनं ताबा घेतला, पुढे अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्त्या तिथं होऊ लागल्या, आणि हार्लो मागे पडलं. हार्वर्ड पुष्कळ आली, पुष्कळ वर्षं राहिली. म्हणून कुणीतरी प्रेमानं, खात्रीनं, पाठीवर तेच नाव लिहिलं.

ज्या घरात 'आमचे आजोबा विमान कारखान्यात होते' एवढीच आठवण होती, त्या घराला आता हे ठाऊक आहे की भारतात जुळलेल्या अगदी पहिल्या विमानांपैकी एकाच्या पुढे त्यांचा माणूस मांडी घालून बसला आहे. एका कोनमापकानं एवढं केलं. या फोटोतल्या तरुणांची नावं इतिहासाच्या पुस्तकात येणार नाहीत, विमानाचं नाव येतं. ते बरोबर लागलं की हे वीस-पंचवीस जण त्याचा हात धरून आत येतात. मी हे काम का करतो, असं कुणी विचारलं तर मी हा फोटो पुढे ठेवतो.

याच कारखान्यात गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे होते. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेले. त्यांच्या आराखड्यातलं एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं, हवाई दलानं ते वर्षानुवर्षं वापरलं, त्याचे फोटो मुबलक आहेत. पण त्याच्या कितीतरी आधी, युद्धाच्या धामधुमीत, त्यांनी सैनिक वाहून नेणारं एक मोठं ग्लायडर रेखाटलं आणि कारखान्यानं ते बांधलं. जी-१ त्याचं नाव. दहा माणसांचं, विनाइंजिनाचं. पुढे त्याचं उत्पादन झालं नाही. आपल्या माणसानं आपल्या मातीत रेखाटलेल्या पहिल्या विमानांतलं हे एक, आणि तरीही विमानांवर बोलणाऱ्यांच्या तोंडी ते क्वचितच येतं. मला ते लागतं.

ओळख न पटण्याची किंमत कधीकाळी जिवानं मोजली आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूनं लढाऊ विमानं उडवणाऱ्या मोजक्या हिंदी तरुणांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. तेवीस नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये ते सॉपविथ डॉल्फिन उडवत, आणि जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचा अंत झाला. डॉल्फिनची ठेवण जगावेगळी. नेहमीच्या द्विपंखी विमानात वरचा पंख पुढे असतो, डॉल्फिनमध्ये तो खालच्या पंखाच्या मागे, आणि वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या उघड्या चौकटीतून बाहेर. ही आकृती डोळ्यांच्या इतकी सवयीबाहेरची होती, की आघाडीवर ही विमानं नवी आली तेव्हा दोस्तांच्याच वैमानिकांनी त्यांना जर्मन समजून हल्ले केले. डॉल्फिनचा फोटो समोर आला की मी त्या उघड्या चौकटीकडे आधी बघतो. मुंबईच्या एका पोराचं डोकं कधीतरी अशाच एका चौकटीतून बाहेर, थंड हवेत होतं.

गोव्यातल्या अल्बमांमध्ये वेगळी विमानं भेटतात. पोर्तुगीज राजवटीत १९५५ साली तिथं स्वतःची विमान कंपनी निघाली आणि दाबोळीहून कराची, दमण, दीव, पार लिस्बनपर्यंत विमानं जाऊ लागली. जिन्यावर उभं राहून निरोपाचे हात हलवणारी कुटुंबं, मागे चार इंजिनांचं विमान. डीसी-४ की डीसी-६? खिडक्या बघाव्यात: गोल असतील तर चार, चौकोनी असतील तर सहा. १९६१च्या डिसेंबरनंतर ती कंपनीही नाही आणि ती विमानंही दाबोळीला नाहीत, त्यामुळे एका खिडकीच्या आकारावरून घरातल्या कुणाच्या परदेशी जाण्याचं वर्ष जवळ आणता येतं.

घरोघरी एक गोष्ट होत आली आहे, तिचं मला फार वाईट वाटतं. आजोबा गेले, भिंतीवर लावायला फोटो हवा, चांगला फोटो एकच, तोही विमानापुढे उभ्या घोळक्यातला. मग स्टुडिओवाला तेवढा चेहरा उचलतो, मागचं पुसून ढगाळ करतो, आणि मूळ फोटो कात्रीनं कापला जातो किंवा 'आता काय करायचा' म्हणून जातो. हार घातलेल्या अशा तसबिरींमध्ये मी कानामागे उरलेला पंखाचा खांब पाहिला आहे, खांद्याआडून डोकावणारं अर्धं अक्षर पाहिलं आहे. त्या अर्ध्या अक्षरावरून पुढे जाता येत नाही.

म्हणून एवढं करा. जुना फोटो कापू नका, आणि त्याची प्रत काढताना कडा सोडू नका; पाठीचीही प्रत काढा, तिथं स्टुडिओचा शिक्का आणि कधी तारीख असते. फोटो कुठला, कुणाचा, कुणी सांगितलं, हे मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं पाठीवर लिहा, आणि आधीच्या कुणी लिहिलेलं चुकीचं वाटलं तरी खोडू नका. ज्यात ओळखीचं माणूस नाही म्हणून जो फोटो बाजूला पडला आहे, तो टाकू नका. आणि कुणाच्या घरी १९४१ ते १९४५ मधले बंगलोरच्या कारखान्यातले फोटो असतील, तर आज काढून बघा. त्यात लांब पंखांचं, पुढे इंजिन नसलेलं एखादं मोठं विमान दिसलं, तर ते जी-१ असू शकतं. तो फोटो विमानं ओळखणाऱ्या कुणालातरी नक्की दाखवा.